एक्स्प्लोररमधून कॉपी केलेल्या फाईलींची नावं आपल्या प्रोग्राममध्ये कशी घ्यायची? क्लिपबोर्ड रिकामा दाखवतोय

जॉबकार्ड_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, आमच्याकडे ऑफसेट आणि फ्लेक्स प्रिंटिंगचं काम चालतं, त्यासाठी मी सी शार्पमध्ये विनफॉर्म्सवर (विंडोजच्या खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची लायब्ररी) एक छोटा प्रोग्राम केलाय, जॉब कार्ड बनवायचा. म्हणजे पार्टीचं नाव, कागद, साईज, प्रती, आणि खाली एक लिस्ट की या जॉबला कुठल्या कुठल्या फाईली आहेत. आत्ता ऑपरेटर ती नावं हाताने टाईप करतो किंवा ब्राऊज बटण दाबून एकेक फाईल निवडतो, लग्नपत्रिकांच्या सीझनला एकेका जॉबला तीसचाळीस फाईली असतात तेव्हा फार वेळ जातो आणि नावं चुकतात, आणि चुकीची फाईल छपाईच्या प्लेटवर गेली की सगळं वाया.

मला एवढंच हवंय की ऑपरेटरने एक्स्प्लोररमध्ये फाईली सिलेक्ट करून कंट्रोल सी करायचं, माझ्या प्रोग्राममध्ये येऊन कंट्रोल व्ही करायचं, की सगळे पाथ लिस्टमध्ये आले पाहिजेत. मी क्लिपबोर्ड.गेटटेक्स्ट() वापरून बघितलं तर रिकामी स्ट्रिंग येते. एररही नाही काही. पण त्याच वेळी दुसऱ्या फोल्डरमध्ये पेस्ट केलं तर फाईली व्यवस्थित पेस्ट होतात, म्हणजे क्लिपबोर्डवर काहीतरी आहे नक्की. नोटपॅडमध्ये पेस्ट केलं तर काहीच उमटत नाही.

ड्रॅग ड्रॉपही करून बघितलं पण फॉर्मवर आणलं की तो गोल आडवी रेघवाला कर्सर दिसतो, अलाऊड्रॉप ट्रू केलेलं आहे तरी. आमच्या लेबल प्रिंटरच्या जुन्या डीएलएलमुळे (प्रोग्रामला जोडायची तयार कोडची फाईल) प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा लागतो, त्याचा काही संबंध आहे का माहीत नाही.

कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

फॉर्म्सवाला

गेटटेक्स्ट नाही, क्लिपबोर्ड.गेटफाईलड्रॉपलिस्ट() वापरा. आधी क्लिपबोर्ड.कंटेन्सफाईलड्रॉपलिस्ट() ने फाईली आहेत का ते तपासा, असतील तर गेटफाईलड्रॉपलिस्ट स्ट्रिंगकलेक्शन देतं, त्यावर फॉरईच फिरवा, प्रत्येक स्ट्रिंग म्हणजे एक पूर्ण पाथ. नुसतं नाव हवं असेल तर पाथ.गेटफाईलनेम.

कंट्रोल व्ही पकडायला फॉर्मचं कीप्रिव्ह्यू ट्रू करा आणि कीडाऊनमध्ये कंट्रोल आणि व्ही दोन्ही तपासा. फक्त फोकस एखाद्या टेक्स्टबॉक्समध्ये असेल तर त्याला त्याचं नेहमीचं पेस्ट करू द्या, नाहीतर पार्टीचं नाव पेस्ट करायला गेलं की फाईली येतील.

जॉबकार्ड_कोल्हापूर

वा, आलं आलं! खूप आभार. डेस्कटॉपवरच्या फाईलींची सगळी नावं एका झटक्यात आली.

पण दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे मला वाटलं कंट्रोल व्ही तरी कशाला, मागे एक थ्रेड चालू ठेवून दर सेकंदाला क्लिपबोर्ड बघत राहू आणि फाईली कॉपी झाल्या की आपोआप लिस्टमध्ये टाकू. तर त्या थ्रेडमधून कंटेन्सफाईलड्रॉपलिस्ट कायम फॉल्स देतं. तोच कोड बटणावर टाकला की बरोबर चालतो.

दुसरं, आमच्या सर्व्हरवरच्या फाईली कॉपी केल्या (सर्व्हर झेड ड्राईव्ह म्हणून मॅप केलाय) तर पाथ येतो, अगदी बरोबर येतो, पण लगेच पुढच्या ओळीत फाईल.एक्झिस्ट्स फॉल्स सांगतं. एक्स्प्लोररमध्ये तीच फाईल डबल क्लिक करून उघडते. कामाच्या निम्म्याच्या वर फाईली सर्व्हरवरच असतात हो.

जुनी_एपीआय

तुमच्या तीन भानगडी आहेत, ड्रॅगवालीसुद्धा धरून, आणि त्यातल्या दोघींचं मूळ एकच आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे विषय एकदा मुळातून कळले की पुढे कुठल्याही भाषेत काम केलं तरी उपयोगी पडतात आणि नेटवर बहुतेक ठिकाणी नुसती एक ओळ चिकटवून देतात.

आधी टेक्स्ट का रिकामं आलं ते. विंडोजच्या क्लिपबोर्डवर एकच वस्तू अनेक फॉरमॅटमध्ये एकाच वेळी ठेवता येते आणि घेणाऱ्याने आपल्याला हवा तो फॉरमॅट मागायचा असतो. मजकूर कॉपी केला की सीएफ_युनिकोडटेक्स्ट असतो, त्याचा नंबर १३. एक्स्प्लोररमध्ये फाईली कॉपी केल्या की सीएफ_एचड्रॉप येतो, नंबर १५, आणि त्याच्याबरोबर शेलचे स्वतःचे आणखी काही फॉरमॅट, पण साधा मजकूर त्यात नसतो. म्हणून गेटटेक्स्ट रिकामं आणि नोटपॅडही गप्प. एक्स्प्लोरर मात्र एचड्रॉप ओळखतो म्हणून तिथे पेस्ट होतं.

त्या सीएफ_एचड्रॉपच्या आत काय असतं तेही बघा, फार सोपं आहे. मेमरीच्या एका तुकड्यात सुरुवातीला ड्रॉपफाईल्स नावाचं २० बाईटचं स्ट्रक्चर. त्यातले पहिले ४ बाईट सांगतात की नावांची यादी कुठून सुरू होते, पुढचे ८ बाईट म्हणजे माऊसचा एक्स आणि वाय (कॉपी पेस्टमध्ये त्याचा उपयोग नाही, ड्रॅगसाठी आहे), मग ४ बाईटचा एक फ्लॅग तो माऊसचा पॉईंट कशाच्या हिशोबाने मोजायचा त्याचा, आणि शेवटचे ४ बाईट म्हणजे एफवाईड, नावं युनिकोडमध्ये आहेत की जुन्या एएनएसआयमध्ये. त्यानंतर पूर्ण पाथ एकामागून एक, प्रत्येकाच्या शेवटी एक शून्य, आणि सगळ्या यादीच्या शेवटी अजून एक शून्य. डॉट नेट (सी शार्प ज्यावर चालतं ते) हेच वाचून तुम्हाला तयार यादी हातात देतं.

कुणाला सी किंवा सी प्लस प्लसमध्ये करायचं असेल तर ओपनक्लिपबोर्ड, गेटक्लिपबोर्डडेटा(सीएफ_एचड्रॉप), मग ड्रॅगक्वेरीफाईल. इंडेक्सच्या जागी ०एक्स आणि पुढे आठ एफ दिले की ते फंक्शन फाईलींची संख्या सांगतं, मग ० पासून एकेक मागायची. बफर २६० चा धरून बसू नका, आधी बफर नल देऊन लांबी विचारा, ती शेवटचं शून्य सोडून सांगतं, म्हणून एक वाढवून बफर घ्या. आणि नावाच्या शेवटी डब्ल्यू असलेलं (युनिकोडवालं) फंक्शन वापरा, ए वालं नको, देवनागरी नावं असली की ए वाल्यात नुसती प्रश्नचिन्हं येतात. गेटक्लिपबोर्डडेटाने दिलेलं हँडल (त्या डेटाची ओळखखूण) क्लिपबोर्डच्या मालकीचं आहे, ते फ्री करायचं नाही आणि ड्रॅगफिनिशही करायचं नाही, ड्रॅगफिनिश फक्त डब्ल्यूएम_ड्रॉपफाईल्स मेसेजमधून आलेल्या हँडलसाठी आहे. शेवटी क्लोजक्लिपबोर्ड, आणि हे विसरलात तर मशीनवरचं सगळ्यांचं कॉपी पेस्ट तुमच्यामुळे अडकतं.

आता थ्रेड. डॉट नेटचा क्लिपबोर्ड आतून ओएलई (विंडोजची प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीची जुनी यंत्रणा) वापरतो आणि त्याला एसटीए, म्हणजे सिंगल थ्रेडेड अपार्टमेंट प्रकारचा थ्रेड लागतो. मेनवर एसटीएथ्रेड लिहिलेलं असतं म्हणून बटणावर चालतं. तुम्ही नवीन थ्रेड काढला किंवा टास्क.रन केलं की तो एमटीए (मल्टी थ्रेडेड) असतो, आणि तिथे विनफॉर्म्स एरर न देता नुसतंच रिकामं परत देतं. त्यामुळे माणूस तासनतास भलतीकडेच शोधत बसतो. थ्रेड सुरू करायच्या आधी सेटअपार्टमेंटस्टेट एसटीए केलं की चालेल. पण माझं मत विचाराल तर थ्रेडची गरजच नाही. विंडोज व्हिस्टापासून अ‍ॅडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर आहे, आपल्या फॉर्मचं हँडल त्याला द्या, क्लिपबोर्ड बदलला की डब्ल्यूएम_क्लिपबोर्डअपडेट मेसेज येतो, तो डब्ल्यूएंडप्रॉकमध्ये (फॉर्मचे मेसेज जिथे येतात ते फंक्शन) पकडा. दर सेकंदाला क्लिपबोर्ड उघडत राहिलात तर बरोबर त्याच क्षणी दुसरा प्रोग्राम कॉपी करत असेल तर त्याचं कॉपी फसतं, आणि ऑपरेटरला वाटतं कोरल ड्रॉ बिघडलंय.

ड्रॅग का होत नाही ते तुम्हीच लिहिलंय, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. एक्स्प्लोरर साध्या हक्कांवर चालतो, तुमचा प्रोग्राम वरच्या, आणि खालून वरच्या खिडकीत ड्रॅग करणं विंडोज व्हिस्टापासून अडवतं. कॉपी पेस्ट अडवत नाही. म्हणून तुमचा कंट्रोल व्हीचा मार्गच बरोबर आहे, त्याच्यावरच राहा.

आणि झेड ड्राईव्हचंही मूळ तेच. मॅप केलेला ड्राईव्ह त्या त्या लॉगिन सेशनचा असतो आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामचं सेशन विंडोज वेगळं धरतं. एक्स्प्लोररला झेड दिसतो, तुमच्या प्रोग्रामला झेड नावाचं काही नाहीच. क्लिपबोर्डने पाथ बरोबर दिला, पण तो एक्स्प्लोररच्या नजरेतून बरोबर आहे. उपाय तीन. एक, रजिस्ट्रीत एनेबललिंक्डकनेक्शन्स १ करून मशीन रीस्टार्ट करायचं, पण ते प्रत्येक पीसीवर करावं लागेल. दोन, ऑपरेटरांना झेडऐवजी दोन बॅकस्लॅश सर्व्हरचं नाव अशा पत्त्यावरून फोल्डर उघडायला लावायचं, म्हणजे क्लिपबोर्डवरही तोच पूर्ण पत्ता येतो. तीन, आणि मी हेच करेन, लेबल प्रिंटरचं काम एका छोट्या वेगळ्या एक्झीमध्ये (स्वतंत्र प्रोग्राममध्ये) काढायचं, तेवढीच अ‍ॅडमिन म्हणून चालवायची आणि मुख्य प्रोग्राम साध्या हक्कांवर. मग ड्रॅगही चालेल, झेडही दिसेल. एका प्रिंटरच्या डीएलएलसाठी अख्खा प्रोग्राम अ‍ॅडमिन करणं मला पटत नाही.

पायथनी_पुणे

विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच लिहितो, पायथनवाल्यांनाही हाच प्रश्न पडतो. टीकेइंटर या खिडक्या बनवायच्या लायब्ररीचं क्लिपबोर्ड_गेट फक्त टेक्स्ट देतं, फाईली कॉपी केलेल्या असल्या की टीसीएलएरर येतो. पायपरक्लिपही टेक्स्टपुरतंच. पायविन३२ असेल तर विन३२क्लिपबोर्ड उघडून सीएफ_एचड्रॉप मागा, पाथचं टपल मिळतं, ड्रॅगक्वेरीफाईल वगैरे काही करावं लागत नाही. आणि पिलो ही चित्रांची लायब्ररी आधीच इन्स्टॉल असेल तर इमेजग्रॅब.ग्रॅबक्लिपबोर्ड() बघा, विंडोजवर क्लिपबोर्डमध्ये चित्र असेल तर चित्र देतं आणि फाईली असतील तर नावांची लिस्ट देतं.

इलेक्ट्रॉनमध्ये (जावास्क्रिप्टने डेस्कटॉप प्रोग्राम बनवायचं साधन) लिहिणाऱ्यांसाठी एक, फाईलनेमडब्ल्यू हा फॉरमॅट वाचायची युक्ती खूप ठिकाणी सांगतात, ती फक्त पहिल्या फाईलचं नाव देते. एक फाईल घेऊन टेस्ट केलं की सगळं चाललंय असं वाटतं आणि गिऱ्हाईकाने दहा फाईली कॉपी केल्या की नऊ गायब.

उबुंटू_नाशिक

लिनक्सवर एचड्रॉप वगैरे काही नसतं. तिथे फॉरमॅटला माईम टाईपची नावं असतात, फाईलींसाठी टेक्स्ट/यूआरआय-लिस्ट, म्हणजे एका ओळीवर एक फाईल आणि प्रत्येकीची सुरुवात फाईल:/// ने. जीनोममध्ये एक्स-स्पेशल/जीनोम-कॉपीड-फाईल्स असाही एक प्रकार असतो, त्यात पहिल्या ओळीत कॉपी किंवा कट असा शब्द आणि मग खाली यूआरआय. तो पहिला शब्द फाईल समजून उघडायला जाऊ नका.

नावं टक्क्याच्या चिन्हांत एनकोड केलेली येतात. आपल्या मराठी नावांचं तर फार लांबतं, एक क अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाईटचं, म्हणजे ई०, ए४, ९५, आणि प्रत्येकापुढे टक्क्याचं चिन्ह, एका क साठी नऊ कॅरेक्टर. ते उलगडल्याशिवाय पाथ म्हणून वापरता येत नाही. क्यूटी वापरत असाल तर काळजी नाही, माईमडेटाला हॅजयूआरएल्स विचारा, यूआरएल्स घ्या आणि प्रत्येकावर टूलोकलफाईल, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीकडे तोच कोड. जावावाल्यांना जावाफाईललिस्टफ्लेव्हर आहे, थेट फाईल ऑब्जेक्टची लिस्ट.

मॅकवर एनएसपेस्टबोर्ड आणि त्यात पब्लिक.फाईल-यूआरएल. तिथे एक वेगळेपण म्हणजे फाईंडर फाईलीबरोबर नावाचा मजकूरही ठेवतो, त्यामुळे साध्या एडिटरमध्ये पेस्ट केलं की नाव उमटतं. म्हणून मॅकवर लिहिलेल्या प्रोग्रामात टेक्स्ट वाचून काम भागतं आणि तोच प्रोग्राम विंडोजवर आणला की अडतो.

जॉबकार्ड_कोल्हापूर

जुनी_एपीआय सर, मनापासून आभार, एवढं कोण लिहितं. प्रिंटरचा भाग वेगळ्या एक्झीत काढला, आता मुख्य प्रोग्राम साधा चालतो, झेडवरच्या फाईली दिसतात आणि ड्रॅगसुद्धा सुरू झालं. ऑपरेटर खूश आहेत.

आता नवीन. लिस्टमध्ये तीच फाईल दोनदा येऊ नये म्हणून मी नाव आधीच्या नावांशी ताडून बघतो. इंग्रजी नावांना बरोबर चालतं. पण "दुसऱ्या बाजूची प्लेट" अशा नावाची फाईल लिस्टमध्ये दोनदा आली, आणि फोल्डरमध्ये बघितलं तर तिथेही खरंच त्याच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी! एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाईली कशा काय? आणि क्रमही कधी कधी उलटसुलट येतो, पान १ ते ८ सिलेक्ट केली की आधी ८ येतं मग १ पासून पुढे.

जुनी_एपीआय

दिसायला एक नाव आहे, आतून दोन आहेत. "दुसऱ्या" मधला तो ऱ्या दोन प्रकारे टाईप होतो. काही कीबोर्ड ऱ (यू+०९३१) आणि पुढे हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉईनर (यू+२००डी) देतात. स्क्रीनवर दोन्ही सारखंच. तिसरा प्रकार म्हणजे र आणि त्याच्यानंतर वेगळा नुक्ता (यू+०९३सी). एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) नावं नॉर्मलाईज, म्हणजे एकसारखी, करत नाही, जसे कोड आले तसे ठेवतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही वेगळी नावं आणि दोन्ही एका फोल्डरमध्ये सुखाने राहतात. बहुतेक एका ऑपरेटरचा कीबोर्ड लेआऊट एक आणि दुसऱ्याचा दुसरा असणार.

ताडताना प्रत्येक नावाची एक वेगळी किल्ली बनवा. स्ट्रिंगवर नॉर्मलाईज() चालवा, डॉट नेटमध्ये काही न देता ते फॉर्म सी करतं, त्याने र अधिक नुक्ता याचा ऱ होतो. पण जॉईनरवाला प्रकार त्याने जुळत नाही, युनिकोडच्या हिशोबाने ते समानच नाहीत. म्हणून हाताने एक रिप्लेस टाका, र हलन्त जॉईनर दिसलं की ऱ हलन्त. साधं दोन स्ट्रिंगवालं रिप्लेस वापरा, ते ऑर्डिनल म्हणजे कोडला कोड ताडणारं असतं; कल्चरच्या नियमांवालं वापरलंत तर जॉईनर धरलाच जात नाही आणि "सूर्य" सारख्या शब्दातला रफारही बदलून जाईल.

एक मात्र कटाक्षाने पाळा, ही किल्ली फक्त तुलनेसाठी. क्लिपबोर्डवरून आलेला मूळ पाथ जसाच्या तसा साठवा आणि फाईल उघडताना तोच वापरा. बदललेला पाथ दिलात तर फाईल सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट, शेजारची दुसरीच उघडेल. प्रेसच्या कामात हे परवडणारं नाही.

आणि तुलनेत सारखं निघालं म्हणून गुपचूप वगळूही नका. दोन खऱ्या फाईली आहेत, त्यातली एक जुनं प्रूफ असू शकतं. ऑपरेटरला दोन्हीच्या तारखा आणि साईज समोर दाखवून विचारा.

क्रमाचं म्हणाल तर एचड्रॉपमधला क्रम स्क्रीनवरच्या क्रमाशी जुळेलच असं धरायचं नाही, ज्या फाईलवर फोकस असतो ती बऱ्याचदा पहिली येते. स्वतः सॉर्ट करा. साधं स्ट्रिंग सॉर्ट पान १० ला पान २ च्या आधी टाकतं, एक्स्प्लोररसारखं हवं तर एसएचएलडब्ल्यूएपीआय नावाच्या डीएलएलमधलं एसटीआरसीएमपीलॉजिकलडब्ल्यू डीएलएलइम्पोर्ट करून कम्पेअररमध्ये वापरा.

टेस्टिंग_ताई

मी प्रोग्रामर नाही, टेस्टिंग करते, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द. ते आपोआप क्लिपबोर्ड बघत राहायचं प्लीज करू नका, लिसनर वापरूनसुद्धा नको. ऑपरेटर दिवसभर कायकाय कॉपी करत असतो, फाईली दुसऱ्या फोल्डरला न्यायच्या असतात, कुणाचा पासवर्ड असतो, गिऱ्हाईकाचा खाते नंबर असतो. प्रत्येक वेळी लिस्टमध्ये काहीतरी येऊन पडलं तर तो वैतागेल आणि एखादी भलतीच फाईल जॉब कार्डवर राहून जाईल. त्याने कंट्रोल व्ही दाबलं म्हणजे त्याला खरंच हवंय, तेवढंच वाचा.

दुसरं, कट केलेल्या फाईली पेस्ट केल्या तर काय होतं तेही तपासा. कुणी कंट्रोल एक्स करून तुमच्याकडे पेस्ट केलं आणि नंतर त्या दुसरीकडे हलवल्या तर तुमच्याकडचे पाथ फुकट. आणि फोल्डर कॉपी केला तर काय, आतल्या फाईली येतात की नुसता फोल्डर?

जुनी_एपीआय

ताईंशी शंभर टक्के सहमत, मी लिसनर सुचवला होता तो थ्रेडच्या तुलनेत, पण या कामाला कंट्रोल व्हीच योग्य.

फोल्डर कॉपी केला तर नुसता फोल्डरचा पाथ येतो, आतलं काही येत नाही. डिरेक्टरी.एक्झिस्ट्सने ओळखा आणि आतल्या फाईली घ्यायच्या का ते विचारा. कट की कॉपी ते प्रिफर्ड ड्रॉपइफेक्ट नावाच्या फॉरमॅटमध्ये असतं, नावात मधे स्पेस आहे. गेटडेटा केलं की मेमरीस्ट्रीम मिळतो, ४ बाईटचा आकडा. कट असेल तर २, एक्स्प्लोररमधून कॉपी असेल तर साधारण ५ (१ कॉपी अधिक ४ लिंक). म्हणून बरोबर १ आहे का असं तपासू नका, २ चा बिट लागलाय का ते अँड करून बघा. बिट लागलेला असेल तर "या फाईली कट केलेल्या आहेत, आधी जागेवर ठेवा मग कॉपी करा" असा मेसेज द्या.

जॉबकार्ड_कोल्हापूर

दोन्ही टाकलं. क्रमही बरोबर यायला लागला आणि ऱ्याची दुसरी फाईल खरंच जुनं प्रूफ निघाली.

शेवटचं एक विचारतो. पार्ट्या फाईली मेलवर पाठवतात, ऑपरेटर आऊटलुकमधली अ‍ॅटॅचमेंट तिथूनच कॉपी करून पेस्ट करायला बघतो, तेव्हा यादी रिकामी. झिप उघडून आतली फाईल कॉपी केली तरी तेच.

फॉर्म्सवाला

कारण त्या फाईली डिस्कवर अजून नाहीतच, मग पाथ कुठला देणार. अशा वेळी एचड्रॉपऐवजी फाईलग्रुपडिस्क्रिप्टरडब्ल्यू आणि फाईलकंटेंट्स असे दोन फॉरमॅट असतात, पहिल्यात नावांची यादी आणि दुसऱ्यात एकेका फाईलचा मजकूर. नुसती नावं हवी असतील तर पहिला वाचला की मिळतात, सुरुवातीचे ४ बाईट म्हणजे संख्या, मग प्रत्येक फाईलचं ५९२ बाईटचं स्ट्रक्चर आणि त्याच्या शेवटी २६० कॅरेक्टरची नावाची जागा. मजकूर काढणं मात्र विनफॉर्म्समधून किचकट आहे, एकाहून जास्त फाईली असल्या की कॉम इंटरफेसपर्यंत (विंडोजच्या खालच्या पातळीच्या जोडणीपर्यंत) उतरावं लागतं.

तुमच्या कामाला मी ते करणारच नाही. फाईलग्रुपडिस्क्रिप्टरडब्ल्यू आहे आणि एचड्रॉप नाही असं दिसलं की मेसेज दाखवा, "फाईल आधी जॉबच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा", आणि तिथेच तो फोल्डर उघडून द्या. तशीही मेलमधली फाईल सर्व्हरवर गेल्याशिवाय प्लेट काढायला घेत नसालच ना?

जॉबकार्ड_कोल्हापूर

नाही घेत, सर्व्हरवरूनच जाते. मग हेच करतो, फोल्डर उघडून देण्याची कल्पना आवडली. नावं डिस्क्रिप्टरमधून वाचून त्या मेसेजमध्येच दाखवतो, म्हणजे ऑपरेटरला कुठली फाईल सेव्ह करायची राहिलीय ते लगेच कळेल.